सारख्या नसलेल्या साखळ्या

१. रबर आहे, तरी वितळते कसे?

निपाणी, अथणी किंवा बेळगावच्या बाजारात चपला घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार हमखास सांगतो, की सोल चामड्याचा नाही, ‘टीपीआर’चा, म्हणजे थर्मोप्लास्टिक रबराचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबरच बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या जिल्ह्यांनाही लागू आहे. त्या मानांकनातली चप्पल कातड्याची. पण रोजच्या वापराच्या स्वस्त चपलांत साच्यातून काढलेला टीपीआर सोल सर्रास दिसतो. हा सोल रबरासारखा वाकतो आणि सोडला की पूर्ववत होतो. तरीही कारखान्यात तो दाणेदार मालापासून, तापवून आणि साच्यात दाबून बनवला जातो आणि उरलेले तुकडे पुन्हा वितळवून वापरता येतात. सायकलची ट्यूब मात्र कितीही तापवली तरी वितळत नाही, ती करपते. मग दोन्ही रबरच असताना एक वितळते आणि दुसरे का वितळत नाही, हा प्रश्न साहजिक आहे.

ट्यूबच्या रबरात लांबलचक रेणू गंधकाच्या साहाय्याने एकमेकांशी रासायनिक बंधांनी कायमचे जोडलेले असतात. या प्रक्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात आणि एकदा ती झाली, की ते बंध साध्या उष्णतेने सुटत नाहीत. टीपीआर सोलमध्ये असे कायमचे बंध नसतात. तिथे रेणूंना धरून ठेवणाऱ्या गाठी रेणूंनी स्वतःच बांधलेल्या असतात, थंड असताना त्या घट्ट असतात आणि तापवल्यावर सैल होतात. या गाठी कशा बनतात आणि रेणूंची लांबी कमीजास्त असेल तर त्यांचे काय होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

२. एकाच रेणूत दोन स्वभाव

प्लास्टिक, रबर आणि धागे ज्या पदार्थांचे बनतात त्यांना बहुवारिके म्हणतात. एकाच प्रकारचा लहान रेणू, म्हणजे एकवारिक, शेकडो किंवा हजारो वेळा एकापुढे एक जोडला गेला, की बहुवारिकाची साखळी तयार होते. स्टायरीन या एकवारिकापासून कडक, ठिसूळ पॉलिस्टायरीन मिळते. ब्युटाडाईनपासून मऊ, लवचिक पॉलिब्युटाडाईन, म्हणजे एक प्रकारचे रबर मिळते. ही दोन बहुवारिके वितळवून एकत्र घुसळली तरी ती एकजीव होत नाहीत, कारण दोहोंच्या घटकांना आपल्याच जातीच्या घटकांचा शेजार अधिक मानवतो. काही वेळाने ती वेगळी होतात आणि हाती एक निकृष्ट मिश्रण उरते.

परंतु हे दोन प्रकार एकाच साखळीत, एकाचा सलग तुकडा आणि त्याला जोडून दुसऱ्याचा सलग तुकडा, अशा रीतीने गुंफले तर परिस्थिती पालटते. अशा साखळीला खंड-सहबहुवारिक किंवा इंग्रजीतून आलेल्या नावाने ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात आणि तिच्यातील प्रत्येक सलग तुकड्याला खंड. एक खंड दुसऱ्यापासून दूर जाऊ पाहतो, पण रासायनिक बंधाने तो त्याच्याशी कायमचा जोडलेला असल्यामुळे साखळीच्या लांबीपेक्षा दूर त्याला जाताच येत नाही. परिणामी वेगळे होण्याची क्रिया काही नॅनोमीटरांपासून काही दशक नॅनोमीटरांच्या अंतरातच अडकून पडते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कडक खंड एका छोट्या कप्प्यात, मऊ खंड शेजारच्या कप्प्यात आणि दोन्हींना जोडणारे बंध कप्प्यांच्या सीमेवर, अशी मांडणी साऱ्या पदार्थात नियमित अंतराने पुन्हा पुन्हा होत जाते. बाहेरून कोणी आखून न देता रेणूंनी स्वतःच केलेल्या या मांडणीला स्वयंरचना म्हणतात.

कप्प्यांचा आकार मुख्यतः दोन खंडांच्या प्रमाणावर ठरतो. ढोबळमानाने सांगायचे तर अल्प असलेला खंड पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर तो गोळ्यांच्या रूपात विखुरतो, थोडा वाढला तर दंडगोलांचे रूप घेतो आणि दोन्ही खंड बरोबरीत आले की पदार्थ थरांवर थर रचल्यासारखा होतो. दंडगोल आणि थर यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात गायरॉइड नावाची, दोन जाळी एकमेकांत गुंतलेली एक विलक्षण रचनाही आढळते.

टीपीआर सोलच्या मुळाशी जे बहुवारिक असते त्यात तीन खंड असतात: दोन टोकांना स्टायरीन आणि मध्ये ब्युटाडाईन. त्याचे संक्षिप्त नाव एसबीएस. स्टायरीनचे प्रमाण सुमारे ३० टक्के असले, की टोकांचे खंड रबराच्या सागरात कडक दंडगोल किंवा गोळे बनून राहतात. एकाच साखळीची दोन टोके दोन वेगळ्या कप्प्यांत रुतली, की मधला मऊ खंड त्या कप्प्यांमध्ये ताणलेला पूल ठरतो. याच त्या गाठी. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला गाठी सुटतात, माल साच्यात वाहतो आणि थंड होताच गाठी पुन्हा बसतात. कारखान्यात यात तेल, पॉलिस्टायरीन आणि भरणद्रव्ये मिसळून सोलचा कठीणपणा हवा तसा साधला जातो.

३. साखळी किती लांब हवी?

खंड एकमेकांपासून दूर होतील की नाही, हे दोन गोष्टी मिळून ठरवतात. पहिली, दोन्ही प्रकारच्या घटकांमधील नापसंती. ती मोजण्याच्या अंकाला फ्लोरी आणि हगिन्स या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. हा अंक सहसा तापमान वाढले की घटतो. दुसरी गोष्ट साखळीची लांबी, म्हणजे तिच्यातील एकूण एकवारिकांची संख्या. एका घटकाची नापसंती क्षुल्लक असली तरी ती शेकडो घटकांची मिळून एकत्र येते, म्हणून लांब साखळीत ती निर्णायक ठरते. लुडविक लाइब्लर यांनी १९८० मध्ये दाखवले, की दोन समान खंडांच्या साखळीत नापसंतीचा अंक आणि लांबी यांचा गुणाकार सुमारे १०.५ च्या वर गेला की स्वयंरचना सुरू होते. त्याखाली दोन्ही खंड गुण्यागोविंदाने मिसळून राहतात.

नापसंतीचा अंक ०.०५ असेल तर १०.५ भागिले ०.०५, म्हणजे २१० घटकांहून लांब साखळी हवी. १५० घटकांची साखळी केली तर कितीही वाट पाहिली तरी थर उमटणार नाहीत. ३०० घटकांची केली तर उमटतील. तिखंडी साखळीसाठी ही मर्यादा अधिक वर, सुमारे १८ च्या जवळ जाते, कारण तिच्या दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे कप्पे गाठावे लागतात.

लांबी केवळ रचना होईल की नाही एवढेच ठरवत नाही, कप्प्याची जाडीही तीच ठरवते. नापसंती तीव्र असताना कप्प्यांमधील अंतर लांबीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. म्हणजे लांबी आठपट केली तर अंतर आठपट न होता चौपट होते आणि दुप्पट केली तर सुमारे १.५९ पट होते. २० नॅनोमीटरचे अंतर साधारण ३२ वर जाते. रसायनशास्त्रज्ञाला नॅनोमीटरच्या पट्टीवर हवे ते माप घडवण्यासाठी केवळ साखळीची लांबी बदलावी लागते, ही या विषयाची सर्वांत आकर्षक बाजू.

४. सरासरीच्या आड

आतापर्यंत लांबी हा शब्द असा वापरला गेला, जणू पदार्थातील प्रत्येक साखळी तेवढीच लांब असते. प्रत्यक्षात असे कधीच नसते. काही साखळ्या लवकर थांबतात, काही वाढत राहतात, आणि बाटलीवर लिहिलेला रेणुभार हा निव्वळ सरासरी असतो.

ही तफावत मोजण्यासाठी दोन प्रकारच्या सरासऱ्या काढतात. तीन साखळ्या घ्याव्यात, ५०, १०० आणि १५० घटकांच्या. साधी सरासरी १०० येते. दुसऱ्या सरासरीत प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतके महत्त्व द्यायचे असते, म्हणून लांबींचे वर्ग मिळवून (२,५००, १०,००० आणि २२,५००, मिळून ३५,०००) त्यांना एकूण लांबी ३०० ने भागायचे. उत्तर सुमारे ११७. दुसऱ्या सरासरीला पहिलीने भागले की १.१७ मिळते. हाच तफावतीचा अंक, ज्याला शास्त्रीय भाषेत डिस्पर्सिटी म्हणतात. तीनही साखळ्या नेमक्या १०० च्या असत्या तर तो बरोबर १ आला असता. १०, १०० आणि १९० अशा असत्या तर तो १.५४ झाला असता. तिन्ही वेळा साधी सरासरी मात्र १०० च राहते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नेहमीच्या औद्योगिक पद्धतींत हा अंक दीड ते दोन आणि काही वेळा त्याहूनही बराच अधिक असतो. तो मोजण्याची आजची प्रचलित रीत, जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी, १९६४ पासून वापरात आली. छिद्रे असलेल्या कणांनी भरलेल्या नळीतून बहुवारिकाचे द्रावण सोडले, की लांब साखळ्या छिद्रांत शिरू न शकल्याने आधी बाहेर पडतात आणि लहान साखळ्या छिद्रांत रेंगाळून मागून येतात.

५. एकसारख्या साखळ्यांचा शोध

जवळपास एकसारख्या साखळ्या बनवण्याची किल्ली १९५६ मध्ये सापडली. पोलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील सिराक्यूज येथे काम करणारे मायकेल श्वार्त्झ यांनी दाखवले, की पाणी आणि हवा पूर्णपणे दूर ठेवली तर ऋणभारित टोक असलेली साखळी आपणहून थांबत नाही. एकवारिक संपले तरी तिचे टोक जिवंत राहते आणि दुसरे एकवारिक घातले की त्याच टोकावरून पुढचा खंड वाढू लागतो. सर्व साखळ्या एकाच वेळी सुरू होऊन सारख्याच वेगाने वाढत असल्यामुळे त्यांची लांबीही जवळजवळ सारखी राहते आणि तफावतीचा अंक १.०५ च्या आसपास उतरतो. त्या संशोधनातील एक सहकारी राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले आणि तिथून १९६५ मध्ये एसबीएस ‘क्रेटॉन’ या नावाने बाजारात आले. आजच्या टीपीआर सोलची वंशावळ तिथपर्यंत पोचते.

महाराष्ट्रातही या वाटेवर महत्त्वाचे काम झाले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम आणि डी. भास्करन यांनी १९९० च्या दशकात मिथाइल मेथॅक्रिलेट या एकवारिकाचा प्रश्न हाती घेतला. अॅक्रिलिक काचेसारखी पारदर्शक तावदाने ज्यापासून होतात ते हे एकवारिक, पण त्याच्याच अंगावरील एस्टर गट साखळीच्या जिवंत टोकाशी नको ती अभिक्रिया करून बसतो, त्यामुळे काही साखळ्या अवेळी मरतात आणि लांबीची तफावत वाढते. त्यांनी लिथियम परक्लोरेट हा क्षार घालून टोकाचा चंचलपणा आवरता येतो, हे दाखवले. तफावत निर्माण होते कुठे, तर साखळीच्या टोकावर घडणाऱ्या असल्या छोट्या अपघातांत. म्हणून ती आवरण्याचे उपायही तिथेच सापडतात.

६. तफावत वाढली तर रचना मोडते का?

दीर्घकाळ असे गृहीत धरले जात होते, की सुबक रचना हवी तर साखळ्या सारख्याच हव्यात आणि तफावत म्हणजे केवळ दोष. पाठ्यपुस्तकांत हा सूर अजूनही ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे.

त्यामागचे कारण कप्प्याच्या आत डोकावले की स्पष्ट होते. थराच्या रचनेत प्रत्येक खंडाचे एक टोक सीमेवर खिळलेले असते आणि बाकीची साखळी थराच्या आत पसरते. थरात कुठेही पोकळी राहता कामा नये, अगदी मध्यभागीसुद्धा. सगळे खंड सारख्याच लांबीचे असतील तर थराचा मध्य भरून काढण्यासाठी त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला ताणून तिथवर पोचावे लागते. साखळीला मात्र ताणून राहणे आवडत नाही. मोकळी असताना ती असंख्य प्रकारे वळू शकते आणि ताणली की हे स्वातंत्र्य गमावते. या स्वातंत्र्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. कप्प्याची जाडी म्हणजे, एकीकडे सीमेचे क्षेत्र कमी करण्याची ओढ आणि दुसरीकडे ताणाची किंमत, या दोहोंमधील तडजोड असते.

आता खंडांची लांबी कमीजास्त आहे असे मानावे. चिकोडी-निपाणी भागातील शेतकरी तुरीच्या ओळींमध्ये सोयाबीन पेरतो तेव्हा सोयाबीन खालची जागा व्यापते आणि तूर वरची, म्हणून एकाच वावरात दोन्हींना दाटी होत नाही. थरातही तसेच घडते. लहान खंड सीमेजवळची जागा भरतात, मध्यभाग लांब खंड भरतात, आणि लांब खंडांना मुळातच लांबी असल्यामुळे तिथवर जाताना फारसे ताणावे लागत नाही. एकंदर ताणाची किंमत घटते. ती घटली, की तडजोडीचा काटा सरकतो आणि थर अधिक जाड होतो. म्हणून सरासरी लांबी तीच ठेवून तफावत वाढवली, तरी कप्प्यांमधील अंतर वाढते. सरासरीवरून मापाचा अंदाज बांधणारा माणूस इथे फसतो.

याहून रंजक परिणाम आकारावर होतो. समजा दोन खंडांपैकी एकातच तफावत आहे आणि दुसऱ्याच्या सर्व साखळ्या सारख्या आहेत. तफावत असलेल्या बाजूला दाटी सोसणे सोपे जाते, एकसारख्या बाजूला अवघड. अशा वेळी सीमा वाकते, आणि वाकताना ती तफावत असलेला खंड आतल्या, दाटीच्या बाजूला घेते व एकसारख्या खंडाला बाहेरची ऐसपैस बाजू देते. ज्या प्रमाणात एरवी सपाट थर दिसले असते, त्याच प्रमाणात आता दंडगोल दिसू शकतात. मिनेसोटा विद्यापीठातील नॅथॅनिएल लिंड आणि मार्क हिलमायर यांनी २००५ मध्ये नेमका हा प्रयोग केला. साखळीच्या एका खंडात, पॉलिलॅक्टाइडमध्ये, मुद्दाम तफावत घालून त्यांनी पाहिले, की अंतर वाढते आणि रचनांच्या सीमारेषाही सरकतात. तफावत कोणत्या खंडात आहे, यावर परिणामाची दिशा ठरते, हा त्या कामाचा खरा धडा.

एसबीएसच्या बाबतीतला निष्कर्ष तर अनेकांना अनपेक्षित होता. महेश महंतप्पा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मधला, म्हणजे रबराचा खंड मोठ्या तफावतीचा आणि टोकांचे खंड तुलनेने एकसारखे, अशा साखळ्या बनवल्या. जुन्या समजुतीनुसार रचना विस्कटायला हवी होती. प्रत्यक्षात नियमित रचना झाल्या आणि कप्पे एकसारख्या साखळ्यांपेक्षा बरेच मोठे निघाले. त्याआधी २००६ मध्ये डाऊ कंपनीच्या संशोधकांनी दोन उत्प्रेरकांमध्ये साखळी हस्तांतरित करत राहणारी एक पद्धत जाहीर केली होती, जिच्यात खंडांची लांबी आणि संख्या दोन्ही बेहिशेबी असतात, आणि तरीही त्यातून लवचिक, उपयोगी पदार्थ मिळतात.

तफावतीला अर्थात मर्यादा आहेत. फारच लहान खंडांची नापसंती इतकी थोडी असते, की ते सीमा सोडून परक्या कप्प्यात विरघळून राहतात. ते कप्प्याला बांधून ठेवण्याचे काम करत नाहीत, उलट त्याला मऊ करतात. संगणकाच्या चिपवर काही नॅनोमीटरांच्या रेघा आखण्यासाठी जेव्हा ही रचना वापरायची असते, तेव्हा प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेइतकीच रुंद हवी असल्यामुळे तिथे एकसारख्या साखळ्यांना पर्याय उरत नाही. सोलच्या बाबतीत असला काटेकोरपणा लागत नाही.

७. तिखंडीत मिसळलेले दुखंडी

उद्योगात एसबीएस बनवण्याची एक पद्धत अशी: स्टायरीन आणि ब्युटाडाईनची जिवंत दुखंडी साखळी वाढवायची आणि शेवटी जोडणारा रेणू घालून दोन साखळ्यांच्या मोकळ्या टोकांची गाठ मारायची. सगळ्याच जोड्या जुळत नाहीत. ज्या उरतात त्या अर्ध्या लांबीच्या, एकाच बाजूला स्टायरीन असलेल्या दुखंडी साखळ्या. ही तफावत मागच्या उदाहरणातल्यासारखी हळूहळू पसरलेली नसते. लांबीच्या आलेखावर दोन ठळक शिखरे दिसतात. उरलेल्या साखळ्यांचे कडक टोक कप्प्यात रुतते खरे, पण दुसरे टोक मोकळे लोंबकळत राहते, त्यामुळे पूल बनत नाही आणि ताण दिला तर ती साखळी भार पेलत नाही.

सोलसाठी हे नुकसानीचे आहे, पण चिकटपट्टी बनवणाऱ्याला हेच हवे असते, कारण मोकळी टोके पृष्ठभागाला पटकन ओलावून धरतात. त्यामुळे त्या धंद्यात दुखंडी साखळ्यांचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवलेले माल विकले जातात. डांबराचे गणित वेगळे आहे. पुणे-बंगळुरू महामार्गावर निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या चढांवर अवजड मालमोटारी संथ गतीने जातात. असा भार आणि उन्हाळ्याची उष्णता एकत्र आली की साध्या डांबराच्या रस्त्यावर चाकोऱ्या पडतात. यावरचा एक उपाय म्हणजे डांबरात काही टक्के एसबीएस मिसळणे. डांबरातील तेलकट अंश शोषून रबराचा खंड फुगतो, कडक टोके गाठी बांधतात आणि डांबरभर एक जाळे पसरते. अशा सुधारित डांबरासाठी आयएस १५४६२ हे भारतीय मानक आहे. इथे साखळ्यांची लांबी फार वाढवली तर गरम डांबरात त्या विरघळवणे जिकिरीचे होते आणि फार घटवली तर जाळे तयारच होत नाही. मधला मार्ग काढावा लागतो.

८. पुन्हा वितळवताना

टीपीआर सोलचे तुकडे पुन्हा वितळवता येतात, हे सुरुवातीला सांगितले. पण वितळवण्याची प्रत्येक खेप साखळ्यांच्या लांबीत नवी तफावत आणते. ब्युटाडाईनच्या खंडात दुहेरी बंध असल्यामुळे उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांचा हल्ला नेमका तिथे होतो. काही साखळ्या मध्येच तुटतात आणि एका तिखंडी साखळीच्या जागी दोन दुखंडी तुकडे उरतात, म्हणजे पूल जाऊन लोंबकळणारी टोके येतात. काही साखळ्या उलट एकमेकींना कायमच्या जोडल्या जाऊन माल वाहेनासा होतो. पॉलिब्युटाडाईनमध्ये दुसरा प्रकार अधिक घडतो. तोडमोड आणि जोडणी सरासरी रेणुभाराला विरुद्ध दिशांना ओढतात, म्हणून सरासरी जवळपास जागच्या जागी राहूनही सोलची ताकद घटलेली असू शकते, आणि भंगार मालाची पारख करताना नुसत्या सरासरीचा उपयोग होत नाही. ही तोडमोड आणि जोडणी टाळण्यासाठी मधल्या खंडातील दुहेरी बंध हायड्रोजन जोडून भरून टाकतात. अशा बहुवारिकाला एसईबीएस म्हणतात. ते महाग पडते, पण ऊन, हवा आणि वारंवार वितळवणे या तिन्हींना एसबीएसपेक्षा कितीतरी अधिक काळ तोंड देते.